कुलाब्याची नोंद आणि भारविनिमयाचा पुरावा
१८५९ च्या चुंबकीय वादळाच्या एका अर्थनिर्णयाचे परीक्षण

अलिबागच्या किनाऱ्यावरील चुंबकीय वेधशाळा आणि मुंबईतील कुलाब्याची जुनी वेधशाळा या दोन भिन्न संस्था नसून एकाच वेधमालिकेचे दोन खंड होत, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. अलिबागसमोरच्या समुद्रातील किल्ल्याचे नाव कुलाबा, मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाचे नावही कुलाबा, आणि आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणूनच ओळखला जाई. त्यामुळे वाचकाचा घोटाळा होणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या कुलाब्यास ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा स्थापिली. तेथे १८४१ मध्ये ऑर्लेबर यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेध सुरू झाले व १८४६ पासून ते नियमित झाले. विजेच्या ट्रामगाड्या शहरात येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने सुया विचलित होणार हे ओळखून, तत्कालीन संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर वेध घेण्यात आले, आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. या समांतर वेधांमुळेच मालिका अखंड राहिली. ही दक्षता घेतली गेली नसती, तर प्रस्तुत परीक्षणाचा विषयच उरला नसता.

या मालिकेतील सर्वांत चर्चिली गेलेली नोंद २ सप्टेंबर १८५९ ची आहे. १ सप्टेंबर रोजी ग्रीनिच वेळेनुसार सकाळी ११ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास रिचर्ड कॅरिंग्टन व रिचर्ड हॉजसन यांना, एकमेकांस ठाऊक नसताना, सूर्यबिंबावर एक तेजस्वी ज्वाला दिसली. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ कोसळले. क्यू व ग्रीनिच येथील नोंदी मापनकक्षेबाहेर गेल्या. कुलाब्यास मात्र छायाचित्रण-यंत्र नव्हते. निरीक्षक दुर्बिणीतून मापपट्टीवरील अंक डोळ्यांनी वाचीत. नेहमी वाचन ताशी असे. क्षोभ वाढू लागताच ते पंधरा व पुढे पाच मिनिटांनी घेतले जाई. यंत्राचा हा साधेपणाच येथे उपकारक ठरला. क्षैतिज तीव्रता प्रथम शंभरावर काही नॅनोटेस्लांनी वाढली आणि मग स्थानिक मध्यान्हाच्या सुमारास, तास-दीड तासात, सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरली.

ही नोंद जागतिक चर्चेत आणण्याचे श्रेय त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना व अ‍ॅलेक्स यांच्या २००३ मधील लेखाकडे जाते. लेखकांपैकी लाखिना व अ‍ॅलेक्स हे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. ही संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली व तिचे मुख्यालय आता रायगड जिल्ह्यातीलच नवीन पनवेल येथे आहे. लेखाचा मुख्य सिद्धान्त असा की, १८५९ च्या वादळाची तीव्रता 'डीएसटी' या जागतिक निर्देशांकात सुमारे उणे १७६० नॅनोटेस्ला असावी, आणि कुलाब्यास मिळालेली १६०० ± १० नॅनोटेस्लांची घट या अनुमानाशी सुसंगत आहे. डीएसटी हा निर्देशांक हर्मानस, काकिओका, होनोलुलू व सान ह्वान या चार स्थानकांच्या तासवारी सरासरीवरून काढतात. मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा कोलमडला, त्याची डीएसटी उणे ५८९ होती. १८५९ चा आकडा त्याच्या तिप्पट ठरतो. विद्युत्जालांची व उपग्रहांची सुरक्षितता ठरविताना हा आकडा टोकाचे उदाहरण म्हणून वारंवार घेतला जातो. म्हणून त्याची छाननी ही केवळ इतिहासाची हौस नव्हे.

लेखाचे गुण निर्विवाद आहेत. धुळीत पडलेली हस्तलिखित वाचने आधुनिक एककांत आणून प्रसिद्ध करणे, त्या वाचनांची मापनशुद्धता तपासणे, आणि अशा वादळाची पुनरावृत्ती किती वर्षांनी होईल हे अपुऱ्या सामग्रीवरून सांगता येत नाही असे स्पष्टपणे लिहिणे, या तिन्ही गोष्टी संशोधकास शोभणाऱ्या आहेत. परंतु '± १०' या चिन्हाने एक भ्रम निर्माण होण्याचा संभव आहे. ही मर्यादा वाचनाची आहे, अर्थाची नव्हे. सुई किती वळली हे दहा नॅनोटेस्लांपर्यंत ठाऊक असणे वेगळे, आणि ती कोणत्या प्रवाहाने वळली हे ठाऊक असणे वेगळे. लेखातील युक्तिवादाचे खरे मर्म या दुसऱ्या प्रश्नात आहे.

टीकाकारांनी हा प्रश्न लवकरच उपस्थित केला. अकासोफू व कामिदे यांनी २००५ मध्ये, एका स्थानकावरील एवढी मोठी घट सममित वलयप्रवाहाच्या खात्यावर टाकता येईल काय, अशी शंका घेतली. सिस्को, क्रूकर व क्लॉअर यांनी २००६ मध्ये कुलाब्याच्या वाचनांची तासवारी सरासरी काढली, तेव्हा आकडा सुमारे उणे ८५० वर आला. क्लिव्हर व डीट्रिच यांचा २०१३ मधील अंदाज उणे ९०० चा आहे. सिद व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हंगेरीतील तिहान्य येथील २९ ऑक्टोबर २००३ ची नोंद पुढे ठेवून असे दाखविले की, कुलाब्यासारखा तीक्ष्ण खळगा जागतिक निर्देशांकात प्रकट न होताही एखाद्या स्थानकावर उमटू शकतो. ओहतानी यांनी २०२२ मध्ये त्याच वादळाच्या आधारे दिवसाच्या बाजूच्या, चुंबकीय रेषांना अनुसरून वाहणाऱ्या प्रवाहांकडे बोट दाखविले. वलयप्रवाहातील असममिती सामान्यतः सायंकाळच्या बाजूस अधिक असते. कुलाबा मात्र त्या वेळी मध्यान्हाजवळ होते. ही आक्षेपामागील बळकट बाजू होय.

या वादात दोन्ही पक्षांचे लक्ष खळग्याच्या खोलीवर केंद्रित झालेले दिसते. खळगा भरून कसा आला, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वास्तविक वलयप्रवाहाची ओळख त्याच्या क्षयात असते. कारण हा क्षय अणूंच्या संघातांनी नियंत्रित होतो, आणि संघातांचे नियम प्रयोगशाळेत मोजलेले आहेत. वादळाचा स्वभाव सूर्यावर अवलंबून असेल, पण प्रोटॉन व हायड्रोजन अणू यांची टक्कर १८५९ मध्येही आजच्यासारखीच होत होती. म्हणून या नोंदीच्या परीक्षणास खरे बाह्य प्रमाण येथेच सापडते.

ही प्रक्रिया थोडक्यात अशी. पृथ्वीभोवती अतिविरल उदासीन हायड्रोजनचे आवरण फार दूरवर पसरलेले आहे. वलयप्रवाहातील वेगवान प्रोटॉन या आवरणातील मंद हायड्रोजन अणूजवळून जाताना त्याचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतो. परिणामी वेगवान कण उदासीन होतो व चुंबकीय क्षेत्राच्या बंधनातून सुटून सरळ रेषेत निघून जातो. मागे उरतो तो मंद प्रोटॉन, ज्याच्यापाशी प्रवाह वाहण्याइतकी ऊर्जा नसते. भाराची संख्या तीच राहते, ऊर्जा मात्र नाहीशी होते. वादळाच्या भरपाईचे कारण म्हणून या भारविनिमयाचा विचार डेस्लर व पार्कर यांनी १९५९ मध्ये मांडला. अशा निसटलेल्या उदासीन अणूंची चित्रे २००० मध्ये सोडलेल्या 'इमेज' उपग्रहाने प्रत्यक्ष घेतली.

ही प्रक्रिया केवळ पृथ्वीच्या परिसरापुरती नाही. १९९६ मध्ये ह्याकुताके धूमकेतूपासून क्ष-किरण येताना आढळले, तेव्हा थंड बर्फाच्या गोळ्यातून असे किरण कसे निघतात हे कोडे पडले. सौरवाऱ्यातील अतिआयनित जड अणू धूमकेतूच्या वायूतील उदासीन रेणूंकडून इलेक्ट्रॉन घेतात व उत्तेजित अवस्थेतून खाली येताना ते किरण सोडतात, असे स्पष्टीकरण क्रेव्हेन्स यांनी १९९७ मध्ये दिले. टायकोच्या अतिनवताऱ्याच्या अवशेषातील हायड्रोजन-रेषांना एक अरुंद व एक रुंद असे दोन घटक असतात. आघाततरंगात शिरलेल्या थंड अणूंपासून अरुंद आणि तप्त प्रोटॉनांनी इलेक्ट्रॉन घेतल्यावर रुंद घटक निघतो, हे शेवॅलिए व रेमंड यांनी १९७८ मध्ये दाखविले. कुलाब्याची सुई ज्या वेगाने पूर्वस्थितीकडे परतली, तो वेग व ही ताऱ्यांच्या अवशेषातील रेषा एकाच संघातनियमाने बांधलेल्या आहेत.

आता प्रत्यक्ष गणिताकडे वळावे. प्रोटॉन-हायड्रोजन भारविनिमयाचा काटछेद ऊर्जेनुसार झपाट्याने बदलतो. १० च्या उणे १६ व्या घाताइतके चौरस सेंटिमीटर हे एकक धरल्यास तो १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेस सुमारे १७, १० ला ८.५, ५० ला १.१ आणि १०० ला अवघा ०.१२ भरतो. आयनाचे सरासरी आयुष्य म्हणजे उदासीन अणूंची घनता, काटछेद व वेग यांच्या गुणाकाराचा व्यस्त. पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे तीन त्रिज्यांच्या अंतरावर घनता दर घन सेंटिमीटरला काही शे अणू असते. ती ५०० धरू. १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनचा वेग सेकंदाला सुमारे १,३८० किलोमीटर. त्याचे आयुष्य निघते सुमारे पावणेपाच तास. ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनचे आयुष्य सुमारे १६ तास. त्याच ऊर्जेच्या ऑक्सिजन आयनाचा वेग चौथाई असल्याने त्याचा काटछेद अद्याप खाली आलेला नसतो. म्हणून त्याचे आयुष्य ९ तासांच्या घरात, म्हणजे प्रोटॉनपेक्षा कमी येते. हे आकडे विषुववृत्ताच्या पातळीवरील होत. जे आयन रेषांवरून खाली-वर आंदोलत घन थरांत शिरतात, त्यांचे आयुष्य आणखी घटते.

आता याच्या शेजारी कुलाब्याची नोंद ठेवावी. क्षणिक घट १६०० आणि तासवारी सरासरी सुमारे ८५०, या दोन आकड्यांतील अंतरच सांगते की खळग्याचा सर्वांत खोल भाग एका तासाहूनही कमी टिकला. बर्टन, मॅकफेरन व रसेल यांनी १९७५ मध्ये सामान्य वादळांवरून बसविलेल्या सूत्रात क्षयकाल ७.७ तासांचा आहे. तेच सूत्र १८५९ ला लावायचे, तर क्षयकाल दीड-दोन तासांवर आणावा लागतो. येथे युक्तिवादातील कच्चा दुवा उघड होतो. या सूत्रात कमाल तीव्रता क्षयकालाच्या प्रमाणात येते; तेव्हा जो क्षयकाल नोंदीच्या झपाट्यामुळे निवडावा लागतो, त्यावर बेतलेले अनुमान त्याच नोंदीचा स्वतंत्र पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. सुसंगती सिद्ध होते. साक्ष मात्र दुसरी मिळत नाही.

दीड तासाच्या क्षयकालाची संघाताच्या भाषेत किंमत काय? १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनांसाठी दर घन सेंटिमीटरला सुमारे १,६०० अणूंची घनता लागते; ती केंद्रापासून सुमारे दोन त्रिज्यांच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या वलयप्रवाहाच्या बरीच आत आढळते. ऊर्जेचा हिशेबही पाहावा. डेस्लर, पार्कर व स्कोप्के यांच्या संबंधानुसार एक नॅनोटेस्ला घटीमागे वलयप्रवाहात सुमारे ४० लाख कोटी ज्यूल ऊर्जा असते. तासाभरात ८०० नॅनोटेस्लांची भरपाई व्हायची, तर तेवढा वेळ सतत सुमारे ९ लाख कोटी वॉट इतक्या दराने ऊर्जा उदासीन अणूंच्या द्वारे बाहेर पडली पाहिजे. त्यांतील काही वाटा अंतराळात जाईल, काही खाली येऊन विषुववृत्ताजवळचे उच्च वातावरण तापवील.

हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही, आणि येथेच २००३ च्या लेखाच्या बाजूचा एक मुद्दा न्यायबुद्धीने नोंदविला पाहिजे. त्या रात्री क्यूबा व होनोलुलू इतक्या कमी अक्षांशांवर ध्रुवीय प्रकाश दिसल्याच्या नोंदी आहेत. लेखकांनी त्यांवरून तप्त द्रव्य पृथ्वीच्या फार निकट आले असावे असे अनुमान काढले. द्रव्य निकट आले, तर ते घन हायड्रोजनात आले, आणि घन हायड्रोजनात आले, तर त्याचा क्षय त्वरित होणे क्रमप्राप्त होय. म्हणजे असामान्य खोली व असामान्य झपाटा ही एकाच कारणाची दोन फळे असू शकतात. आक्षेपकांनी झपाट्यास केवळ स्थानिक प्रवाहाचे लक्षण मानले, ते या दृष्टीने घाईचे ठरते. शिवाय फेब्रुवारी १९८६ च्या वादळात हॅमिल्टन व सहकाऱ्यांना, १९८८ च्या त्यांच्या लेखानुसार, ऑक्सिजन आयनांचा वाटा कमाल अवस्थेत फार मोठा असल्याचे व आरंभीची जलद भरपाई त्यांच्या लोपाशी निगडित असल्याचे उपग्रहावरील मापनांत आढळले होते.

तथापि भारविनिमयावर भिस्त ठेवणाऱ्याने त्याच्या सर्व परिणामांची जबाबदारी घ्यावी लागते. काटछेद ऊर्जेनुसार इतका बदलतो की मिश्र ऊर्जेच्या आयनांचा क्षय एकाच घातांकाने होऊ शकत नाही. आधी कमी ऊर्जेचे प्रोटॉन व ऑक्सिजन आयन जातील, मग मागे उरलेल्या उच्च ऊर्जेच्या प्रोटॉनांचा दीर्घ, संथ पुच्छभाग दिसेल. भरपाईचा वक्र प्रथम तीव्र व मग हळूहळू सपाट होत गेला पाहिजे. उलट, खळगा एखाद्या स्थानिक प्रवाहाने पडला असेल, तर तो प्रवाह थांबताच सुई एकदम वर येईल व नंतरचा वक्र त्या खळग्याशी संबंध न ठेवता, कमी खोलीच्या वलयप्रवाहाच्या संथ गतीने चालेल. कुलाब्याची भरपाई प्रथम अतिशय जलद व मग संथ आहे. परंतु या दोहोंमधला सांधा कोठे पडतो, क्रमाक्रमाने की एकदम, हा निर्णायक तपशील होय. केइका, एबिहारा व काताओका यांनी २०१५ मध्ये नेमका जलद भरपाईचाच प्रश्न हाती घेतला आणि आयन दिवसाच्या बाजूने चुंबकावरणाबाहेर वाहून जाण्याच्या क्रियेस महत्त्व दिले. संघाताखेरीज तिसराही मार्ग आहे, हे त्यांच्या विवेचनाने स्पष्ट झाले.

या संदर्भात मूस यांच्या १९१० मधील दोन खंडांच्या ग्रंथाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांतून त्यांनी वादळातील बदल आरंभापासून मोजलेल्या काळानुसार मांडला: प्रथम अल्प वाढ, मग मोठी घट, शेवटी दीर्घकाळ चालणारी भरपाई. चॅपमन यांनी पुढे ज्या पद्धतीचा विस्तार केला, तिचा पाया येथे होता. सरासरीच्या या पद्धतीने वादळाचा सर्वसाधारण स्वभाव उघड केला. पण सरासरीत तीक्ष्ण खळगे बोथट होतात, आणि १८५९ चे वादळ त्या सर्वसाधारण वक्रात बसत नाही. सुदैवाने मूस यांच्या पूर्वसूरींनी व त्यांनी स्वतः मूळ वाचने जशीच्या तशी छापून ठेवली. हायाकावा व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये कुलाब्याच्या वार्षिकांतून तिन्ही चुंबकीय घटकांची वाचने काढून प्रसिद्ध केली, ती या सवयीमुळेच. सिद्धान्त बदलतात, वाचने राहतात.

मग निर्णय काय? १६०० हा आकडा कुलाब्याचा म्हणून पूर्णतः ग्राह्य आहे. त्याविषयी संशयास जागा नाही. जागतिक तीव्रता म्हणून मात्र तो स्वीकारण्यापूर्वी त्याने क्षयाच्या कसोटीस उतरले पाहिजे, आणि आजवर ती कसोटी पूर्णपणे लावली गेलेली नाही. तासवारी सरासरीचा, हजाराच्या आतला आकडाच आजच्या डीएसटीशी तुलनेस योग्य ठरतो, कारण डीएसटी ही स्वतः तासवारी सरासरी आहे. क्षणिक वाचनाची तुलना सरासरीशी करणे हा पद्धतीचा दोष होय. उर्वरित सातशे-आठशे नॅनोटेस्ला वलयप्रवाहाचे, की दिवसाच्या बाजूच्या प्रवाहांचे, की दोहोंचे, हे ठरविण्यास भरपाईच्या पहिल्या दोन तासांतील प्रत्येक वाचन काटछेदांच्या ज्ञात मूल्यांशी ताडून पाहणे हाच मार्ग उरतो. पदव्युत्तर अभ्यासकास हे काम हाती घेण्यास प्रचंड साधनांची आवश्यकता नाही: छापलेली वाचने, हायड्रोजनच्या घनतेचे एक प्रतिमान व संघातांची कोष्टके पुरेशी आहेत.

अलिबागच्या आजच्या नोंदी आंतरराष्ट्रीय 'इंटरमॅग्नेट' जाळ्यातून जगभर जातात. मे २०२४ मध्ये डीएसटी उणे ४०० च्याही खाली नेणारे वादळ झाले, तेव्हा तेथील सुईची प्रत्येक हालचाल अन्य रेखांशांवरील स्थानकांशी तत्काळ ताडता आली. १८५९ मध्ये विषुववृत्ताजवळ कुलाब्याची एकटीची सविस्तर साक्ष होती, आणि एकट्या साक्षीदारास प्रामाणिकपणा असला तरी प्रतिसाक्ष नसते. २००३ च्या लेखाने त्या साक्षीदारास जगाच्या न्यायासनापुढे उभे केले, हे त्याचे स्थायी कार्य होय. त्याच्या जबानीचा अर्थ लावण्याचे काम मात्र अणूंच्या संघातांच्या साह्याने अजून पुरे व्हावयाचे आहे.